अंगावर पाजताना अँटिबायोटिक आणि बाळाचं नाजूक पोट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिठ्ठी काउंटरवर येते, औषधं पिशवीत पडतात, पैसे दिले जातात आणि मग दुकानाच्या पायरीवरून मागे वळून कोणीतरी विचारतं, "ती अंगावर पाजते हो. हे चालेल ना?" कोथरूडला आमचं औषधांचं दुकान आहे. मी फार्मासिस्ट. पायरीवरचा हा प्रश्न आठवड्यातून तीन-चारदा तरी ऐकते. बऱ्याचदा बाळंतीण स्वतः येत नाही, नवरा किंवा सासरे येतात. पाजण्याचा विषय काढायला ते अवघडतात, आणि डॉक्टरांनाही ते सांगायचं राहून गेलेलं असतं. माझ्या धाकट्याच्या वेळी मी स्वतः यातून गेलेय: छातीत गाठ, ताप, आणि दिवेलागणीला पाय पोटाशी घेऊन किंचाळणारं बाळ. खालचे प्रश्न लोक ज्या शब्दांत विचारतात त्याच शब्दांत ठेवलेत. तुमच्या बाळाला हात लावून तपासलेल्या डॉक्टरांचं म्हणणं या पानापेक्षा वरचं, हे धरूनच वाचा.

डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलंय. पाजणं बंद करू का?

बहुतेक वेळा नाही. टाके पिकणं, छातीतली गाठ, लघवीची जळजळ, घसा, दाढ यांसाठी जी अँटिबायोटिकं नेहमी दिली जातात, त्यांतली बरीचशी पाजत असताना घेता येतात.

"पाच दिवस पाजू नका, उगाच कटकट नको," असं सांगणारे अजूनही भेटतात. मलाही सांगितलं होतं. कोणी, ते जाऊ दे. फार्मासिस्ट असून मी दीड दिवस ते ऐकलंसुद्धा, कारण अंगात १०२ ताप असला की शिकलेलं सगळं कुठे जातं कळत नाही. दीड दिवसात छाती दगडासारखी झाली, गाठ लिंबाएवढी होती ती मोसंब्याएवढी झाली, आणि वाटी-चमच्याने पावडरचं दूध प्यायलेल्या बाळाचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी पहिलं वाक्य म्हटलं ते, "आधी बाळाला अंगावर घे."

छातीत दूध साचून सूज आली असेल तर पाजत राहणं हा उपचाराचाच भाग असतो. त्या बाजूचं दूध बाळाला बाधत नाही. फक्त गाठ मोडायला म्हणून जोरात रगडू नका. मालिशवाल्या मावशींना हे आधीच सांगून ठेवा, कारण त्यांचा अंगठा गाठीवरच जातो. दाबल्याने आतली सूज वाढते. हल्लीचा सल्ला गार शेकाचा आहे: रुमालात गुंडाळलेला बर्फ, आणि दुखणं-सूज यांसाठी डॉक्टरांनी सांगितलेली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी. या दोन्ही गोळ्या पाजताना चालतात. पंप लावून छाती पार रिकामी करायच्या मागेही लागू नका, त्याने दूध आणखी वाढतं. बाळ जेवढं ओढेल तेवढं पुरे.

पण औषध दुधात उतरतं ना?

उतरतं. जवळजवळ प्रत्येक औषध थोडंफार उतरतं. किती उतरतं ते बघू.

अमॉक्सिसिलिनचा हिशोब करा. आईने एकदम १ ग्रॅम औषध घेतलं, तरी तिच्या एक लिटर दुधात ते सरासरी १ मिलिग्रॅमपेक्षा कमीच सापडतं. ५ किलोचं बाळ दिवसाला साधारण ७५० मिलिलिटर दूध पितं. म्हणजे दिवसभरात त्याच्या पोटात एक मिलिग्रॅमही जात नाही. याच बाळाला कानदुखीसाठी बालरोगतज्ज्ञ हेच औषध थेट देतात, तेव्हा ते दिवसाला दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, कधी त्याहून बरंच जास्त. भाजीत मीठ घालणं आणि मिठाच्या बरणीशेजारी भाजी ठेवणं, इतका तो फरक आहे.

डॉक्टर आणि आम्ही लोक एक आकडा बघतो: आईच्या वजनाच्या हिशोबाने तिला मिळणाऱ्या डोसच्या किती टक्के डोस बाळाला त्याच्या वजनाच्या हिशोबाने मिळतो. १० टक्क्यांच्या आत असेल तर सहसा निर्धास्त मानतात. अमॉक्सिसिलिनचा आकडा १ टक्क्याच्या आसपास येतो. मेट्रोनिडाझोलचा १० च्या थोडा वर जातो, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

आमच्या बाळाचं पोट आधीच बिघडलेलं आहे. त्यात हे औषध म्हणजे आगीत तेल नाही का?

हा प्रश्न खरा, आणि याला एका ओळीचं उत्तर नाही. "पोट बिघडलंय" या दोन शब्दांत आपण पाच-सहा वेगळ्या गोष्टी कोंबतो, आणि प्रत्येकीचा निकाल वेगळा लागतो.

पहिली, संध्याकाळचं रडणं. बाळ खातंपितं, वजन वाढतं, पण ठरावीक वेळी दोन-तीन तास कळवळतं. मुरडा म्हणा, गुबारा म्हणा, डॉक्टर कोलिक म्हणतात. दिवसाला ३ तास, आठवड्याला ३ दिवस, असं ३ आठवडे चाललं तर कोलिक, ही जुनी मोजपट्टी. सहाव्या आठवड्याच्या सुमारास ते सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. आईच्या अँटिबायोटिकच्या दिवसांत रडणं थोडं वाढू शकतं. पाजणं थांबवायचं ते कारण नाही.

दुसरी, दूध टाकणं. प्यायल्यावर ओठांतून दह्यासारखं थोडं बाहेर येतं आणि बाळ हसत असतं. ते आईच्या औषधाने येत नाही आणि औषध बंद केल्याने जातही नाही.

तिसरी, नुकतेच होऊन गेलेले जुलाब. आतड्याचं आतलं अस्तर अजून भरून येत असतं, आणि ते भरून यायला अंगावरचं दूध लागतंच. या बाळाचं दूध तोडणं सगळ्यात महाग पडतं.

चौथी, शीमध्ये रक्ताचे धागे किंवा शेंबडासारखा चिकट पदार्थ, त्याबरोबर कधी अंगावर पुरळ. गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असू शकते. इथे गोंधळ होतो, कारण अँटिबायोटिक चालू असताना रक्त दिसलं की सगळे औषधाकडे बोट दाखवतात आणि मूळ कारण तसंच राहतं. म्हणून औषध सुरू करण्याआधी बाळाची शी कशी होती, हे दोन ओळींत लिहून ठेवा. फोनमध्ये फोटो काढून ठेवला तर आणखी बरं. किळस वाटेल, पण डॉक्टर त्याच फोटोवरून दोन मिनिटांत निकाल लावतात.

पाचवी मात्र वेगळी आहे: दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ, आतड्याचं ऑपरेशन झालेलं बाळ, नुकतंच एनआयसीयूमधून (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून) घरी आलेलं बाळ, कावीळ असलेलं बाळ. इथे मी काउंटरवरून काहीच सांगत नाही. तुमच्या नवजाततज्ज्ञांना फोन करा आणि त्यांना औषधाचं नाव वाचून दाखवा.

मग नक्की कोणती औषधं चालतात आणि कुठे थांबून विचारायचं?

पेनिसिलिनच्या घरातली, म्हणजे अमॉक्सिसिलिन, क्लॉक्सासिलिन, क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड घातलेलं अमॉक्सिसिलिन (दुकानात बहुतेक लोक याला ऑगमेंटिन याच नावाने ओळखतात), आणि सेफॅलेक्सिन, सेफिक्झिम, सेफ्युरॉक्झिमची मंडळी: ही रोजची आणि पाजताना चालणारी. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड असलेल्या गोळीने आईलाच जुलाब होतात, बाळाचीही शी क्वचित पातळ होते.

ॲझिथ्रोमायसिन चालतं. याच घरातलं एरिथ्रोमायसिन मात्र जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत बाळाला थेट दिलं, तर जठराचं खालचं तोंड जाड होऊन अडण्याचा धोका वाढतो. दुधातून होणारा धोका असलाच तर फार लहान. पण बाळ दोन-तीन आठवड्यांचंच असेल आणि प्रत्येक पाजण्यानंतर दूध कारंज्यासारखं लांब फेकत असेल, तर वाट बघू नका.

लघवीच्या जंतुसंसर्गावरचं नायट्रोफ्युरँटॉइन आणि कोट्रायमोक्साझोल ही पहिल्या महिन्यात, कावीळ असताना, किंवा बाळाला जी-६-पीडी या एन्झाइमची कमतरता असेल तर टाळतात. ही कमतरता आपल्याकडे अगदी दुर्मिळ नाही. तपासणी झाली असेल तर फाइलमध्ये कागद सापडेल. नात्यात कोणाला मलेरियाच्या गोळ्यांनी किंवा एखाद्या औषधाने कावीळ झाली होती का, हे घरातल्या जुन्या माणसांना विचारून ठेवा.

क्लिंडामायसिन घेताना बाळाच्या शीवर जास्त लक्ष ठेवा. पोट आधीच नाजूक असेल तर डॉक्टर सहसा दुसरा पर्याय शोधतात. तसा पर्याय आहे का, एवढं तुम्ही नक्की विचारू शकता.

सिप्रोफ्लॉक्सासिन आणि डॉक्सिसायक्लिन यांना पूर्वी सरसकट नाही म्हणायचे. आता थोड्या दिवसांसाठी, गरज असेल तर देतात. दुधातलं कॅल्शियम ही औषधं धरून ठेवतं, त्यामुळे बाळाच्या आतड्यातून ती फारशी शोषली जात नाहीत. क्लोरॅम्फेनिकॉल पोटात घ्यायचं असेल तर पाजणाऱ्या आईने ते टाळायचं, असा सल्ला आहे.

टीबीची पहिल्या फळीतली औषधं चालू असताना पाजता येतं. या एका गैरसमजापायी किती बाळांचं दूध तुटलं असेल! आयसोनियाझिड चालू असेल तर बी-६ जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना विचारा, आईसाठीही आणि बाळासाठीही.

मला जुलाब झाले म्हणून दिरांनी मेडिकलमधून ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची गोळी आणली. घेऊ?

एक तर ती चिठ्ठीशिवाय मिळायलाच नको होती. अँटिबायोटिकच्या पट्टीवर उभी लाल रेघ असते ती त्यासाठीच. सेफिक्झिमसारखी काही औषधं तर शेड्यूल एच१ या कडक सरकारी यादीत आहेत. ती दिली की रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं सांभाळावं लागतं. मी चिठ्ठी मागितली की "शेजारचा देतो की" हे वाक्य ठरलेलं असतं.

दुसरं म्हणजे मोठ्या माणसाचे पाण्यासारखे जुलाब बहुतेक वेळा विषाणूंचे असतात किंवा बाहेरचं काहीतरी बाधलेलं असतं. दोन-तीन दिवसांत ते आपोआप थांबतात, लागतं ते मीठ-साखर-पाणी. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात घाला आणि घोट घोट घेत राहा. दूध बनतंय, त्यामुळे तहान नेहमीपेक्षा जास्त लागेल. ताप, शीमध्ये रक्त, किंवा तीन दिवसांनंतरही उतार नाही, तर डॉक्टर.

मेट्रोनिडाझोल डॉक्टरांनीच दिलं असेल, ४०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, तर पाजत राहता येतं. दुधातून ५ किलोच्या बाळाला दिवसाला दहा-बारा मिलिग्रॅम मिळतं. बाळाला थेट द्यायचं झालं तर त्याच्या कितीतरी पट देतात. दुधाची चव थोडी कडवट होते म्हणतात, काही बाळं नाक मुरडतात. २ ग्रॅमचा एकच मोठा डोस असेल तर मात्र १२ ते २४ तासांचं दूध काढून टाकायचा सल्ला दिला जातो. असा डोस असेल तर आदल्या दिवशीच दूध काढून फ्रीजमध्ये ठेवा.

लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत. त्याचं काय?

हा प्रश्न खरं तर कोणी विचारत नाही, मीच विचारते. बाळंतपणानंतर सहा महिने लोह आणि कॅल्शियम आपल्याकडे प्रत्येकीला दिलं जातं. सकाळी नाश्त्यानंतर सगळ्या गोळ्या एकदम तोंडात टाकायची सवय असते. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन त्यांच्याबरोबर घेतलं, तर ते लोह-कॅल्शियमला चिकटून तसंच बाहेर पडतं. पाच दिवस गोळ्या खाऊन आई बरी होत नाही, मग आणखी जोरदार औषध येतं, आणि बाळाच्या पोटाची काळजी दुप्पट होते. मध्ये किमान दोन तासांचं अंतर ठेवा, औषधानुसार कधी जास्तही लागतं. दूध, दही, डिंकाच्या लाडवाबरोबरचा दुधाचा पेला यांनाही हेच अंतर. अमॉक्सिसिलिनला ही अडचण नाही.

आणि सर्दीच्या गोळीचा कागद वाचा. त्यात स्यूडोएफेड्रिन असेल तर दूध कमी होऊ शकतं. अँटिबायोटिकने दूध आटलं म्हणून ज्या येतात, त्यांच्या पिशवीत कधी कधी ही दुसरी गोळी सापडते.

गोळी पाजण्याआधी घ्यायची की नंतर?

पाजून झाल्याबरोबर. दिवसातून एकदाच घ्यायची असेल तर रात्री, बाळाच्या मोठ्या झोपेच्या आधी. तान्हं बाळ दर दीड तासाला मागत असेल तर हे गणित विसरा, अमॉक्सिसिलिनसारख्या औषधाला त्याची गरजही नाही.

बाळाची शी बदललीय. किती बदल ठीक?

अंगावर पिणाऱ्या बाळाची शी मुळातच पातळ, पिवळी, मोहरीचे दाणे पडल्यासारखी असते. पहिल्या महिन्यात दिवसाला सहा-आठ वेळा होते. दीड महिन्यानंतर तेच बाळ पाच-सात दिवस शी करत नाही आणि तरीही ठणठणीत असतं. त्यामुळे शेजारणीच्या बाळाशी तुलना करू नका, तुमच्याच बाळाच्या गेल्या आठवड्याशी करा.

आईचं अँटिबायोटिक चालू असताना दोन-तीन शी जास्त होणं, रंग हिरवट होणं, वास बदलणं, ढुंगण लाल होणं हे दिसतं, आणि कोर्स संपल्यावर काही दिवसांत जागेवर येतं. लंगोट लगेच बदला, कोमट पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा, वर झिंक ऑक्साइडचं मलम लावा. पुरळ लालभडक होऊन कडेला बारीक पुटकुळ्या आल्या तर बुरशी असू शकते, तिचं मलम वेगळं.

आता थांबायचं नाही असं काय: शीमध्ये रक्त. हिरव्या रंगाची उलटी, म्हणजे दह्यासारखं दूध नव्हे, पालकाच्या पाण्यासारखा हिरवा. आतडं अडल्याची ती खूण असू शकते आणि त्याला रात्र-सुट्टी काही नसते. पोट ताठ आणि फुगलेलं. थांबून थांबून पाय पोटाशी घेऊन किंचाळणं, मधल्या वेळात मलूल पडणं, आणि जेलीसारखी लाल शी. टाळू खोल गेलेली, तोंड कोरडं, दिवसभरात सहापेक्षा कमी वेळा शू. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप. पाजायला उठवलं तरी न उठणं. यातलं काहीही दिसलं तर मेडिकलच्या दुकानात येऊ नका, सरळ हॉस्पिटलला जा.

दोन-चार दिवस वरच्या दुधावर ठेवलं तर काय बिघडतं?

नाजूक पोटाच्या बाळाचं बिघडतं. आईच्या दुधात काही साखरी अशा असतात ज्या बाळाला पचतच नाहीत. त्या असतात आतड्यातल्या चांगल्या जंतूंसाठी. दुधातल्या घन पदार्थांत लॅक्टोज (दुधातली मुख्य साखर) आणि स्निग्धांशानंतर प्रमाणाने त्यांचाच नंबर लागतो. म्हणजे अँटिबायोटिकने जंतूंचा जो तोल थोडा ढळेल असं आपल्याला भय वाटतं, तो सावरायची सोय त्याच दुधात असते. आणि भीतीपोटी आपण नेमकं तेच बंद करतो.

शिवाय बहुतेक डब्यांतली पावडर गाईच्या दुधाची असते. ॲलर्जीचा संशय असलेल्या बाळाला ती देणं म्हणजे परीक्षाच घेणं. जुलाबानंतर "लॅक्टोज नसलेली पावडर द्या" असंही ऐकू येतं. अंगावर पिणाऱ्या बाळाला त्याची सहसा गरज नसते. आणि आईने स्वतः दूध पिणं सोडलं म्हणून तिच्या दुधातलं लॅक्टोज कमी होत नाही, ते तिच्या शरीरातच बनतं. गाईच्या दुधातलं प्रथिन मात्र तिच्या जेवणातून दुधात येतं. म्हणून ॲलर्जी ठरली तर डॉक्टर आईचं दूध-दही-ताक-पनीर-खवा दोन ते चार आठवडे बंद करून बघतात. आपल्या घरात हे किती अवघड असतं ते मला विचारा: चहा, कढी, पेढे घेऊन येणारे पाहुणे, आणि "एवढंसं खाल्लं तर काय होतं." कॅल्शियमची गोळी मात्र चालू ठेवायची.

खरंच काही तास पाजता येणार नसेल तर दूध काढत राहा, म्हणजे पान्हा टिकतो. अमॉक्सिसिलिन-सेफिक्झिमच्या दिवसांत काढून ठेवलेलं दूध फेकू नका, बाळाला देता येतं. अगदी लहान, कमी वजनाच्या बाळाला आईचं दूध मिळणारच नसेल तर मातृदुग्धपेढीची चौकशी करा. पुण्यात ससूनला अशी पेढी आहे. देशातली पहिली १९८९ साली मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये सुरू झाली.

सासूबाई म्हणतात अँटिबायोटिक "गरम" पडतं, दुधातून बाळाला बाधेल.

सासूबाईंचं निरीक्षण अगदीच चुकीचं नसतं. तोंड कडू होणं, जुलाब, बाळाचं लाल झालेलं ढुंगण, हे सगळं मिळून त्या "गरम" म्हणतात. पण त्यांच्याच आजेसासूच्या काळात बाळंतरोगाने बायका का जात होत्या, तेही त्यांना आठवत असतं. पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५० च्या दशकात, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभा राहिला तो पेनिसिलिन इथेच बनावं म्हणून. आमच्या घरी हे "गरम"चं बोलणं निघालं की माझे सासरे एवढंच म्हणायचे, "एच. ए. कंपनी काय सरबत बनवत होती का?" आईच्या अंगात पू असताना औषध टाळणं बाळाला परवडत नाही.

गुटी, ग्राइप वॉटर, पोटावर हिंग?

पोटावर हिंगाचा लेप लावायला माझी हरकत नाही, त्वचा लाल होत नसेल तर. ढेकर काढणं, पाय सायकलसारखे हलवणं, पालथं घालून मांडीवर थोपटणं, हे सगळं करा.

पोटात देण्याबद्दल मी कडक आहे. सहा महिने अंगावरचं दूध, पाणीही नाही. तुळशीबागेतून आणलेली गुटीची पेटी प्रेमाने दिलेली असते हे मान्य. पण सहाणेवर किती वेढे उगाळले यावर डोस ठरतो, वेखंड किंवा जायफळ जास्त झालं तर उलट्या होतात, गुंगी येते. आणि सहाण धुतलेलं पाणी कुठलं? २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला करणारा आजार) रुग्ण निघाले, तेव्हा पाण्याचा प्रश्न सगळ्या पुण्याने ऐकलाय. मध वर्षाच्या आत अजिबात नको. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंनी तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात.

प्रोबायोटिकचे (चांगल्या जंतूंचे) थेंब द्यावेत का? मी दही खाऊ?

तुम्ही दही-ताक जरूर खा, वर सांगितलेलं अंतर आणि ॲलर्जीची अट पाळून. ते बाळाच्या आतड्यात जाऊन बसतं असं नाही, पण तुमचं पोट ठीक राहतं. थेंबांचं म्हणाल तर अंगावर पिणाऱ्या बाळांच्या कोलिकवर लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी या जंतूच्या एका विशिष्ट वाणाने रडणं कमी झाल्याचं अभ्यासांत दिसलंय. कुठल्याही जंतूची कुठलीही बाटली म्हणजे ते नव्हे. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला स्वतःच्या मनाने कधीच नाही. त्यातून रक्तात संसर्ग होऊ शकतो, आणि अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२३ मध्ये तसा इशाराही दिलाय.

जिभेवर पांढरा थर आलाय आणि पाजताना मला काचा टोचल्यासारखं होतं.

बोटाला ओलं कापड गुंडाळून हलकेच पुसा. निघालं तर दूध. निघालं नाही, किंवा खाली लाल दिसलं, तर बुरशी. अँटिबायोटिकनंतर ती वाढायला जागा मिळते. औषध दोघांनाही एकाच वेळी लागतं, नाहीतर ती आईकडून बाळाकडे आणि बाळाकडून आईकडे फिरत राहते. तोंडात लावायचं जेल घट्ट असेल तर गोळा घशाशी जाऊ देऊ नका, थोडं थोडं लावा.

उद्या रोटाव्हायरसचा डोस आहे. माझा कोर्स चालू आहे. पुढे ढकलू?

नको. अँटिबायोटिक विषाणूंवर चालत नाही, लसीवरही नाही. सहा, दहा, चौदा आठवड्यांचे डोस वेळेवरच द्या. बाळाला त्या दिवशी जोराचे जुलाब-उलट्या असतील तर डॉक्टरांना दाखवून ठरवा.

बाळालाच अँटिबायोटिक लागलं तर?

मग दुधातलं प्रमाण विसराच, त्याच्या वजनाच्या डोसने ते त्याला थेट मिळणार. पाजणं चालूच. तुमचा उरलेला सिरप किंवा मोठ्या भावंडाचा डोस मोजून देणं मात्र नको.

डॉक्टरांना काय काय सांगायचं?

बाळ किती आठवड्यांचं, वजन किती, दिवस भरलेले होते का, कावीळ झाली होती का, पोटाचा नेमका त्रास कोणता, आणि तुम्ही घेत असलेल्या सगळ्या गोळ्या, काढ्यासकट. पहिलं वाक्य मात्र "मी अंगावर पाजते" हेच असू दे, पायरीवरचं शेवटचं नव्हे.

रात्री अडीचला शंका आली तर?

गोळीबद्दल असेल, तर लॅक्टमेड नावाचं अमेरिकी सरकारी संकेतस्थळ फोनवर फुकट उघडतं. औषधाचं मूळ नाव टाका, ब्रँडचं नव्हे. मूळ नाव पट्टीच्या मागे बारीक अक्षरात असतं. तिथलं इंग्रजी जड वाटलं तर त्याचा फोटो सकाळी डॉक्टरांना किंवा तुमच्या फार्मासिस्टला दाखवा. तोवर, ठीक चाललेलं असेल तर बाळाला अंगावर घ्या. शंका बाळाबद्दल असेल, वर लिहिलेल्यांपैकी काही दिसत असेल, तर शोधत बसू नका. १०८ लावा, किंवा रिक्षा मिळत असेल तर ती पकडा, आणि जाताना औषधाची पट्टी आणि तो शेवटचा लंगोट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बरोबर न्या.